नामगुंगसाहेबांचा निर्व्यसनी खोकला

कोरियातल्या जॉन्जू शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले विभागप्रमुख नामगुंग दोक्सू यांनी सिगारेट सोडली आणि तेव्हापासून त्यांची तब्येत बिघडली.

हे वाक्य ते स्वतः याच क्रमाने सांगत आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही कणव उमटते का ते निरखून बघत. सहसा उमटत नसे. तीस वर्षं ते धुराड्यासारखे ओढत होते, तेव्हा ऑफिसच्या सहलीत तरुण कारकुनांना मागे टाकून डोंगर चढायचे. पोट वेळेवर साफ व्हायचं, झोप शांत लागायची. आणि आता, आयुष्यात एकदा काहीतरी उदात्त केल्यावर, तोंडात फोड, पोटाचा संप, डोकं हलकं, पँट घट्ट, आणि सकाळी उठल्याबरोबर असा खोकला की जुनी मोटारबोट धक्क्यावरून सुटतेय असं वाटावं.

त्यागाचं कारण होतं त्यांची नात. मुलीने, हानब्योलने, फोनवर सरकारी सूचना वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं होतं, "बाबा, तुमच्या घराला सिगारेटचा वास आहे तोवर बाळ तिथे येणार नाही. वास गेला, तर शंभराव्या दिवसाचा सोहळा तुमच्याकडे करू. नाही गेला, तर सासूबाई तयारच आहेत."

सासूबाईंचं नाव निघाल्यावर नामगुंगसाहेबांच्या अंगात जे वारं शिरलं ते काही विचारू नका. त्यांनी त्याच दिवशी लायटर ऑफिसातल्या एकाला देऊन टाकला, पडदे उतरवून धुलाईला दिले, आणि पुढच्या रविवारी घरभर नवा पांढरा वॉलपेपर लावून घेतला. जुना सोलला तेव्हा कपाटामागचा भाग मूळ पांढऱ्या रंगाचा निघाला आणि ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "अगं, आपलं घर पांढरं होतं," ते बायकोला म्हणाले.

"लग्नातल्या फोटोत तुमचे दातही पांढरे होते," बोक्हीबाई म्हणाल्या आणि पोछा घेऊन आत गेल्या.

डॉक्टरांनी खोकल्याचं कौतुकच केलं. इतकी वर्षं फुप्फुसं झोपेत होती, आता जागी होऊन झाडलोट करतायत, घाण वर ढकलतायत, म्हणजे खोकला हे बरं होण्याचं लक्षण आहे. नामगुंगसाहेबांनी विचारलं, "आणि तोंडातले फोड?" तेही चांगलं लक्षण. "पोट?" तेही. एवढी चांगली लक्षणं घेऊन माणसाने जगायचं कसं हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. पण साहेब खुशीत बाहेर पडले. आपल्या आत काहीतरी जोरात कामाला लागलंय या कल्पनेने त्यांना भलताच हुरूप आला. बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनाही त्यांनी झाडलोटीची बातमी दिली. त्या दोन पावलं सरकल्या.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. गोची केली ती न्हाणीघरातल्या पाइपने.

त्यांच्या इमारतीत सगळ्या मजल्यांची न्हाणीघरं एकाच उभ्या हवेच्या पाइपला जोडलेली होती. खाली कुणी मासे धुतले की वर कळायचं, वर कुणी गाणं म्हटलं की खाली ऐकू यायचं. साहेबांचा सकाळचा खोकला या पाइपमधून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचायचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत इमारतीत तक्रार सुरू झाली की पाइपमधून सिगारेटचा धूर येतो.

तक्रार होती रहिवासी समितीच्या अध्यक्षा प्योबाईंची. प्योबाई साहेबांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या एकेकाळी शाळेत पर्यवेक्षिका होत्या आणि अजूनही लिफ्टमध्ये शिरल्या की आतली माणसं आपोआप सरळ उभी राहत. धूर आणि खोकला यांची सांगड घालायला त्यांना एक सकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी घराघरातल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून व्यवस्थापन कार्यालयाची घोषणा झाली.

"रहिवाशांना विनंती आहे. न्हाणीघरात धूम्रपान करू नये. असे करणारी व्यक्ती कोण आहे हे तिच्या खोकल्यावरून शेजाऱ्यांना समजते, याची तिने नोंद घ्यावी. धन्यवाद."

साहेबांचा सूपचा चमचा हवेतच थांबला. उत्तर द्यायला ते उठून स्पीकरपर्यंत गेलेसुद्धा, पण स्पीकर एकतर्फी होता.

"मी तीस वर्षं ओढली," ते म्हणाले, "तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. आणि सोडल्यावर बदनामी?"

"जाऊ द्या ना हो," बोक्हीबाई त्यांच्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढत म्हणाल्या. "लोकांचं काय मनावर घ्यायचं."

हल्ली त्यांच्याकडे रोज बांगडा व्हायचा. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. तोंडातल्या फोडांमुळे तिखट किमची जिभेवर निखाऱ्यासारखी लागायची, त्यापेक्षा बांगडा बरा.

व्यवस्थापन कार्यालयातला अधिकारी अत्यंत नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, ही त्या खुर्चीची खरी ताकद असते, आणि साहेब स्वतः तशाच खुर्चीत इतकी वर्षं बसल्यामुळे त्यांना ती चांगली ठाऊक होती.

"तुम्ही ओढत नाही असा काही दाखला आहे का, साहेब?"

"ओढतो असा तुमच्याकडे पुरावा आहे का?"

"खोकला आहे ना."

"अहो, तो सोडल्याचा खोकला आहे. ओढण्याचा नाही."

अधिकाऱ्याने मान तिरपी करून सहानुभूतीने विचारलं, "ऐकून फरक कळतो का?"

अखेर ठरलं ते असं की शहराच्या आरोग्य केंद्रात सिगारेट सोडणाऱ्यांचा श्वास तपासून मिळतो, तो तपासून आणावा. साहेब बाहेर पडले ते जवळजवळ उड्या मारत. श्वास तर श्वास. यंत्र खोटं बोलत नाही. त्यांनी शनिवारची वेळ ठरवली आणि ही बातमी जिन्यात भेटलेल्या थाक गुरुजींना सांगितली. तिथेच घात झाला.

थाक गुरुजी हे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांना स्वतःला कधी काही झालेलं कुणी ऐकलं नव्हतं, पण उपाय सगळ्यावर माहीत होते. मध घालून वाफवलेली नाशपाती त्यांनीच सुचवली होती, डोंगरी मुळांचा कडू काढा त्यांचाच, आणि गिंको झाडाच्या भाजलेल्या बियाही त्यांच्याच. त्या सगळ्यांनी साहेबांच्या खोकल्याला फक्त वेगवेगळे वास आले होते.

"तपासणीला असं कसं जाता," गुरुजी म्हणाले. "फुप्फुसं धुऊन जा. डोंगरात कोळसा पाडायची भट्टी आहे. कोळसा काढून घेतला की गरम भट्टीत माणसं बसतात. घामावाटे तीस वर्षांची काजळी बाहेर. मग तिथेच कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस खायचं. त्या चरबीने घसा असा साफ होतो, नामगुंगसाहेब, की खाणीतले कामगारसुद्धा तेच खायचे."

शनिवारी सकाळी दोघं भट्टीत बसले. मातीच्या त्या घुमटात, डोक्यावर ओला टॉवेल गुंडाळून, घामाने निथळत साहेबांना साक्षात्कार झाल्यासारखं वाटलं. छाती मोकळी, डोकं तरंगतंय. आता विचार केला तर डोकं का तरंगत होतं ते उघड आहे, पण त्या वेळी त्यांनी त्याचा अर्थ शुद्धी असा लावला. मग कोळशाच्या शेगडीवर मान वाकवून त्यांनी मांस भाजलं, धूर डोळ्यांत गेला तरी हटले नाहीत, आणि पोटभर खाऊन थेट आरोग्य केंद्र गाठलं.

परिचारिका तरुण आणि हसतमुख होती. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला, यंत्राच्या नळीत सोडला आणि छायाचित्र काढून घ्यायला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. यंत्राचा दिवा हिरवा झाला नाही. पिवळाही झाला नाही.

"साहेब," परिचारिकेने आवाज खाली आणला, "रोज किती ओढता?"

"मी सोडलीय."

"सगळे आधी असंच म्हणतात. लाजू नका. घसरतो माणूस कधीकधी."

"अहो, मी आज भट्टीत बसलो होतो. कोळशाच्या."

परिचारिकेने गंभीरपणे मान डोलावली. तिने नंतर खुलासा केला की कोळशाचा धूर आणि सिगारेटचा धूर यंत्राला सारखेच दिसतात, हे खरं आहे. पण तपासणीच्या दिवशी मुद्दाम कोळशाच्या भट्टीत जाऊन बसणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता. पुन्हा तपासायचं तर पुढची वेळ सोहळ्यानंतरची मिळत होती.

थाक गुरुजींनी ही हकिगत कुणालाही न सांगण्याचं वचन दिलं आणि फक्त लिफ्टमध्ये सांगितली.

साहेब तीन दिवस जिन्याने ये-जा करत होते. अब्रूचा असा पंचनामा झाल्यावर दुसरा कुणी सिगारेटकडे वळला असता. त्यांनाही मोह झाला. ऑफिसच्या मागच्या अंगणात जुन्या सवंगड्याने पाकीट पुढे केलं, आणि बोटं आपसूक गेलीही. पण तेवढ्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. सवंगड्याच्या कोटाला सिगारेटबरोबरच ओल्या कुत्र्याचा, संत्र्याच्या सालीचा आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. वेगवेगळा, सुटा सुटा.

"तुझ्याकडे कुत्रा आहे?"

"मुलीने आणलाय. का रे?"

साहेब पाकीट तसंच सोडून निघाले. त्यांचं नाक परत आलं होतं. घरी जाताना रस्ताभर ते लहान मुलासारखे हुंगत गेले. कपडे धुणाऱ्याच्या दुकानातली वाफ, तिळाच्या तेलाच्या घाण्यातला खरपूस वास, बसमधल्या म्हातारीच्या पिशवीतला पेरिल्ला नावाचा सुगंधी पाला. तीस वर्षं हे सगळं चालू होतं आणि त्यांना कुणी कळवलं नव्हतं. आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच डोक्यात वीज चमकली. ज्याच्याकडे असं नाक आहे त्याला दाखल्याची गरज काय? खरा गुन्हेगार तेच पकडतील.

मोहीम सुरू झाली. ते रोज वरपासून खालपर्यंत प्रत्येक दारापाशी क्षणभर थबकायचे, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायचे आणि श्वास ओढायचे. दुसऱ्या मजल्यावरचे लोक गुपचूप नूडल्स खातात आणि डाएट चालू आहे म्हणून सांगतात, हे त्यांना कळलं. प्योबाईंच्या दाराला लॅव्हेंडरचा वास होता, इतका की संशय यावा, पण त्याखाली फक्त लॅव्हेंडरच होता. आणि गंमत अशी की धुराचा वास सगळ्यात स्पष्ट येत होता तो त्यांच्याच घरात, झोपायच्या खोलीतल्या न्हाणीघरात. त्यावरून त्यांनी सिद्ध केलं की गुन्हेगार वरखाली कुठेतरी असून पाइपातून धूर आपल्याकडे पाठवतो.

"म्हणजे आपणच खरे पीडित आहोत," ते उत्साहाने बोक्हीबाईंना म्हणाले. "आज दुपारीही आला होता."

"मला नाही आला," बोक्हीबाई म्हणाल्या. त्या बांगडा उलटत होत्या. "तुम्ही जरा शांत बसा हो. सोहळा तोंडावर आलाय. कशाला त्या पाइपाच्या मागे लागता?"

सोहळ्याची सकाळ उजाडली. पांढरेशुभ्र वाफवलेले तांदळाचे केक आले, फुगे लागले, छोट्या पाटावर फळं रचली गेली. हानब्योल आणि जावई निघाल्याचा फोन आला. साहेब आंघोळ करून, नवा सदरा घालून घरभर फिरत एकेक कोपरा हुंगत होते. बैठकीची खोली, स्वच्छ. स्वयंपाकघर, केक आणि बांगडा. झोपायची खोली. आणि तिथे तो वास होता, ताजा, गरम, आत्ताचा.

ते न्हाणीघराच्या दारावर थडकले. "अगं, उघड. आलाय तो. आत्ता ओढतोय तो, या क्षणाला."

आतून पंख्याची घरघर ऐकू आली, मग नळाची. दार उघडलं तेव्हा बोक्हीबाईंच्या तोंडाला टूथपेस्टचा फेस होता. साहेब त्यांना बाजूला सारून स्टुलावर चढले, आणि छताजवळच्या जाळीला नाक लावलं. वर धुराची एक बारीक रेघ अजून तरंगत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की कळते, ती म्हणजे प्रवाह कुठून कुठे चाललाय. धूर जाळीतून आत येत नव्हता. तो आतून जाळीत जात होता.

ते स्टुलावरून उतरले.

बोक्हीबाईंनी चूळ भरली. तोंड पुसलं. टॉवेल नीट घडी घालून ठेवला.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून. हानब्योल पोटात होती तेव्हा सोडली होती, ती अंगावर प्यायची थांबली तेव्हा पुन्हा धरली."

"आणि मला कधी..."

"तुमच्या वासात माझा कुणाला कळणार होता? मी तीस वर्षं तुमच्या आडोशाला ओढली. तुम्ही ओढलीत तर लोक म्हणायचे, कामाचा ताण आहे. मी ओढली असती तर काय म्हणाले असते ते सांगायला नको." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "मग तुम्ही सोडलीत, आणि माझी पंचाईत झाली. वास लपवायला रोज बांगडा तळत होते. बांगडा मला आवडत नाही हो. मुळीच आवडत नाही."

नामगुंगसाहेबांनी रागावायला हवं होतं. स्पीकर, भट्टी, यंत्राचा लाल दिवा, सगळं आठवून रागावायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिली जी लहर आली ती निखळ आनंदाची होती. "म्हणजे माझं नाक बरोबर होतं," ते म्हणाले.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात प्योबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे कार्यालयातला नम्र अधिकारी, आणि त्याच्यामागे, कुठल्याही प्रसंगाला हजर असणारे थाक गुरुजी. "आत्ता," प्योबाई म्हणाल्या, "आत्ता माझ्या न्हाणीघरात धूर आला. खालूनच आलाय. आज मी पाइपला कान लावून बसले होते, दुसऱ्या कुणाकडे पंखा चालू नव्हता."

आणि त्याच क्षणी लिफ्ट उघडली. हानब्योल बाहेर आली, तिच्या मागून पिशव्या घेऊन जावई, आणि तिच्या छातीशी बांधलेली, लाल रेशमी टोपीतली, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढी नात.

साहेबांनी वळून बघितलं. बोक्हीबाई दाराआड उभ्या होत्या. चेहरा नव्या वॉलपेपरसारखा पांढरा.

"मी ओढली," साहेब म्हणाले.

मग प्योबाईंनी उसासा सोडला, न्यायाधीशाने निकालानंतर सोडावा तसा. गुरुजींनी जमिनीकडे बघितलं. हानब्योल मागे सरकली. "बाबा," ती म्हणाली, "निदान आजचा दिवस तरी." आणि तिने नवऱ्याला खूण केली. त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

"हानब्योल, थांब," बोक्हीबाई दाराआडून बाहेर आल्या. "बाबांनी नाही. मी ओढली. इतके दिवस मीच ओढत होते."

आता खरी मजा झाली. साहेब खोटं बोलले, ते सगळ्यांनी डोळे मिटून मानलं. बोक्हीबाई खरं बोलल्या, त्यावर एकाचाही विश्वास बसेना.

"आई, तू त्यांना पाठीशी घालू नकोस," हानब्योल रडवेली होऊन म्हणाली.

"हानब्योलची आई," प्योबाईंचा आवाज भरून आला, "इतकं सोसू नये बाईने. नवऱ्यासाठी स्वतःवर असला आळ घ्यायचा?"

"अशी पत्नी मिळायला भाग्य लागतं," थाक गुरुजी साहेबांकडे करड्या नजरेने बघत म्हणाले.

बोक्हीबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी एप्रनच्या खिशातून एक लांबट पाकीट काढलं. "लिफ्ट आलीच आहे," त्या म्हणाल्या. "कचरा वेगळा करायच्या शेडशेजारी ओढायला परवानगी आहे ना? चला सगळे. दाखवते."

हानब्योल गोंधळली. बाळाला घेऊन तिथे जाता येत नव्हतं, आणि हे न बघता राहणंही शक्य नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, पट्टे सोडले, बाळ साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, मान धरा. मान." लिफ्टचं दार मिटलं.

साहेब खिडकीशी गेले. नात हातात होती. ती जागी होती आणि त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे अत्यंत संशयाने बघत होती. तिच्या डोक्याला दुधाचा आणि उन्हात वाळलेल्या कापडाचा वास येत होता. खाली शेडपाशी सगळे अर्धवर्तुळात उभे होते. मधोमध बोक्हीबाईंनी एका काडीत सिगारेट पेटवली, वाऱ्याला पाठ देऊन, तळहाताचा आडोसा करून, आणि धूर असा सहज सोडला की वरून बघणाऱ्या जाणकाराला दाद द्यावीशी वाटली. प्योबाईंचा हात तोंडावर गेला. नम्र अधिकाऱ्याने, का कोण जाणे, कमरेत वाकून नमस्कार केला. हानब्योल आधी नुसती उभी होती. मग तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे इतक्या वरून कळत नव्हतं. मग तिने आईच्या हातातली सिगारेट काढून घेतली, विझवली, आणि आईला घट्ट मिठी मारली.

सगळे वर आले. प्योबाई केकचा तुकडा घेऊन एका कोपऱ्यात बसल्या आणि त्यांनी साहेबांची चक्क वाकून माफी मागितली. नम्र अधिकाऱ्याने विचारलं की स्पीकरवरून खुलासा करायचा का. साहेब घाईने नको म्हणाले.

बोक्हीबाई मात्र बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यापुढे आल्या नाहीत. त्यांनी हात धुतले होते, तोंड धुतलं होतं, एप्रन बदलला होता, तरी त्या लांबूनच नातीकडे बघत होत्या.

"आई, तू बाबांसारखीच सोडायची," हानब्योल म्हणाली. "मग घे तिला."

बोक्हीबाईंनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि लहान आवाजात, खरोखर भ्यालेल्या माणसासारखं विचारलं, "अहो, सोडल्यावर फार त्रास होतो का हो?"

गेले कित्येक आठवडे नामगुंगसाहेबांनी तोंडातले फोड, पोट, झोप, चक्कर, खोकला या सगळ्यांचं साग्रसंगीत वर्णन बसस्टॉपपासून आरोग्य केंद्रापर्यंत भेटेल त्याला ऐकवलं होतं. आत्ताही घशात खोकल्याची एक मोठी उबळ वर चढत होती. त्यांनी ती गिळली, नातीची मान नीट सावरली.

"छे गं," ते म्हणाले. "काही होत नाही."